एका ‘जाणे’चे कूळ : उरालिक *मेने-

तौलनिक भाषाशास्त्राच्या कोशांत काही रूपांच्या आरंभी एक बारीकशी तारका छापलेली असते. प्रथमच पाहणाऱ्याला वाटते, खाली कोठेतरी तळटीप असणार. तळटीप नसते. हे रूप कोणी ऐकलेले नाही, कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्ञात भाषांतील रूपे समोर मांडून, त्यांच्यावरून मागे जात जात ते सिद्ध केलेले आहे, एवढेच ती तारका सांगत असते. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायशरच्या लेखनामुळे ही प्रथा रूढ झाली. श्लायशरचा आपल्या तारांकित रूपांवर इतका विश्वास होता की, १८६८ मध्ये त्याने मूळ इंडो-युरोपीय भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक लहानशी नीतिकथाच लिहून काढली. पुढच्या पिढ्यांनी त्या कथेतील रूपे पुनःपुन्हा दुरुस्त केली. तारकेखालचा मजकूर कायमचा नसतो, हे त्यातून आपोआपच स्पष्ट झाले.

उरालिक भाषाकुलाच्या व्युत्पत्तिकोशात, म्हणजे कारोय रेदेई यांच्या संपादनाखाली १९८६ पासून खंडशः निघालेल्या जर्मन ग्रंथात, *मेने- अशी एक नोंद आहे. अर्थ एकच : ‘जाणे’. दुसऱ्या अक्षरातील स्वर ‘ए’ मानावा की ‘इ’, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्यामुळे निरनिराळ्या ग्रंथांत हे रूप थोडे निरनिराळे छापलेले दिसते. परंतु ‘म’ आणि ‘न’ या दोन व्यंजनांविषयी फारसा वाद नाही. ही दोन व्यंजने बाल्टिक समुद्रापासून सैबेरियातील येनिसेई नदीच्या पलीकडेपर्यंत, मध्ये कित्येक परकी भाषा येत असूनही, एकाच क्रियेसाठी टिकून राहिली आहेत. फिनिशमध्ये ‘मेन्नॅ’, एस्टोनियनमध्ये ‘मिन्ना’, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेकडील सामी भाषेत ‘मन्नात’, कामा नदीच्या परिसरातील उदमुर्तमध्ये ‘मिनीनी’ आणि तिच्याही उत्तरेकडच्या कोमीमध्ये ‘मुन्नी’; ओब नदीच्या खोऱ्यात मान्सी लोकांचे ‘मिन्-’ आणि खांती लोकांचे ‘मन्-’; टुंड्रा प्रदेशात रेनडियरांच्या कळपांमागून फिरणाऱ्या नेनेत्स लोकांचे ‘मिन्-’; आणि या सर्वांपासून दूर, डॅन्यूबच्या मैदानात, हंगेरियन ‘मेन्नी’. शेवटचे प्रत्यय ज्या त्या भाषेचे आहेत. ते बाजूला केले म्हणजे गाभा उरतो तो हाच.

अशी यादी वाचून मन लगेच पटते, आणि नेमका तेथेच सावधपणा हवा. दोन भाषांतील शब्द एकसारखे ऐकू येतात यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. ते वेगळे ऐकू येत असूनही त्यांच्यातील वेगळेपणा नियमबद्ध असेल, तर ते सिद्ध होते. फिनिश ‘मेने-’ आणि सामी ‘मन्ना-’ यांत पहिला स्वर बदललेला आहे. हा बदल केवळ याच शब्दापुरता असता तर त्याला किंमत नव्हती. पण फिनिशमध्ये रक्ताला ‘वेरी’ म्हणतात आणि सामीत ‘वर्रा’. भिण्याचा धातू फिनिशमध्ये ‘पेल-’ आहे आणि सामीत ‘बल्ला-’. जेथे फिनिशमध्ये असा ‘ए’, तेथे सामीत ‘अ’, असा प्रघात एकदा पडलेला दिसला की ‘मन्नात’चा स्वर हा दोष न राहता साक्षीदार बनतो.

हंगेरियन रूपाने अभ्यासकांना अधिक त्रास दिला. ‘मेन्नी’ म्हणजे जाणे. पण ‘मी जातो’ म्हणावयाचे झाल्यास हंगेरियन मनुष्य ‘मेग्येक’ म्हणतो आणि ‘तो जातो’ यासाठी ‘मेग्य’. हा ‘ग्य’ म्हणजे मग्यार या नावात आहे तोच, ‘ग्य’ आणि ‘द्य’ यांच्या मधला ध्वनी. यात ‘न’ कोठे गेला? धातूला मागून जोडलेल्या एखाद्या प्रत्ययाच्या व्यंजनात तो मिसळून गेला असावा, असे सामान्यतः मानतात. तो प्रत्यय नेमका कोणता, यावर बरीच चर्चा झाली आहे. हंगेरियनमध्ये ही एकटीच विसंगती नाही, हे मात्र महत्त्वाचे. ‘आहे’ याला तेथे ‘वन’ आणि ‘मी आहे’ याला ‘वग्योक’ म्हणतात. एके ठिकाणी ‘न’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ग्य’, ही जोडी भाषेत अन्यत्रही भेटते. व्होल्गेच्या काठच्या मारी भाषेत तर ‘न’ उरलेलाच नाही. तेथे ‘मिये-’ असा मऊ उच्चार राहिला आहे आणि अर्थही थोडा सरकला आहे. ठरलेल्या जागी जाऊन पोहोचणे, येणे, असा तो झाला आहे. साध्या निघून जाण्यासाठी मारी लोक दुसरेच क्रियापद वापरतात.

नियमांचा कडकपणा काय कामाचा, हे पाहावयाचे असेल तर सुनेचे उदाहरण घ्यावे. हंगेरियनमध्ये सुनेला ‘मेञ’ म्हणतात, फिनिशमध्ये ‘मिनिअ‍ॅ’. हंगेरियन स्त्रीचे लग्न होते तेव्हा ती शब्दशः ‘नवऱ्याकडे जाते’, आणि त्या वाक्प्रयोगात हेच ‘मेग्य’ क्रियापद असते. फिनिशमध्येही लग्न करणे म्हणजे विवाहात ‘जाणे’. सासरी जाणे, नांदायला जाणे, हे ज्याच्या कानांत आहे असा मराठी वाचक येथे क्षणभर थांबेल आणि सून म्हणजे ‘जाणारी’ अशी व्युत्पत्ती मनाशी जुळवूनही टाकील. ती सुंदर आहे आणि चूक आहे. सुनेच्या शब्दात मूळचा तालव्य ‘ञ’ आहे, ‘न’ नव्हे; सामीत त्याला ‘मन्ञी’ असे रूप मिळते आणि ते ‘मन्नात’पासून स्पष्टपणे वेगळे राहते. पहिला स्वरही फिनिशमध्ये ‘इ’ आहे, ‘ए’ नाही. दोन स्वतंत्र धातूंनी हंगेरियनमध्ये एकमेकांच्या शेजारी घर केले, एवढेच. व्युत्पत्तिशास्त्रात जे उत्तर ऐकताक्षणी आवडते त्याची दोनदा तपासणी करावी, हा जुन्या अभ्यासकांचा शिरस्ता अशाच प्रसंगांतून आलेला असावा.

अर्थाच्या बाजूने पाहू गेल्यास मोह आणखी वाढतो. फिनिशमध्ये ‘मेन्न्युत’ म्हणजे गेलेला, आणि ‘मेन्नेइस्यूस’ म्हणजे भूतकाळ. एस्टोनियन व्याकरणात भूतकाळाला ‘मिनेविक’ म्हणतात, भविष्यकाळाला ‘तुलेविक’. एक जाणारा, दुसरा येणारा. मराठीत ‘गेला आठवडा’ आणि ‘येता आठवडा’ म्हणणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फिनिश घरातील वा सरकारातील खर्च म्हणजे ‘मेनोत’, अर्थात जाणी. उत्पन्न म्हणजे ‘तुलोत’, अर्थात येणी. कैलासवासी, दिवंगत या अर्थी फिनिशमध्ये ‘एदेसमेन्न्युत’ म्हणतात, पुढे गेलेला. एखादी वस्तू मोडली तर ती ‘मोडकी जाते’, आणि ‘मोडून गेली’ या मराठी रचनेशी तिचे साम्य चटकन डोळ्यांत भरते.

याच धातूपासून फिनिशमध्ये प्रत्ययांच्या साहाय्याने जी संतती निर्माण झाली आहे तिच्यात एक विलक्षण व्यापकपणा आहे. ‘मेनेस्त्युअ‍ॅ’ म्हणजे यशस्वी होणे, ‘मेनेत्तॅ’ म्हणजे गमावणे, ‘मेनेह्त्युअ‍ॅ’ म्हणजे मृत्यू पावणे. यश, हानी आणि मरण ही तिन्ही एका जाण्याच्या पोटी जन्मली आहेत. विद्यापीठीय लेखनात ‘पद्धती’साठी वापरला जाणारा ‘मेनेतेल्मॅ’ हा शब्दही त्यांचाच भाऊबंद. हंगेरियनमध्ये संततीचा रोख वेगळा झाला. तेथे ‘मेनेकुल’ म्हणजे जीव घेऊन पळणे, ‘मेनेकुल्त’ म्हणजे निर्वासित, ‘मेनेदेक’ म्हणजे आसरा. धातूला प्रयोजक प्रत्यय लागून ‘मेन्त-’ झाले, म्हणजे मुळात ‘जावयास लावणे’. त्याचा अर्थ संकटातून बाहेर काढणे, वाचविणे असा झाला आणि आज बुडापेस्टच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेला ‘मेन्तो’ म्हणतात. परिणामी ‘मेन्त’ या एकाच उच्चाराचे हंगेरियनमध्ये दोन अर्थ आहेत : ‘तो गेला’ आणि ‘तो वाचवितो’. ज्या देशाच्या इतिहासात मोंगल, तुर्क आणि विसाव्या शतकातील सैन्ये येऊन गेली, तेथे जाणे आणि वाचणे यांची अशी गाठ पडावी, यावर भाष्य करण्याचा मोह होतो. पण हा अर्थविकास त्यांतील बऱ्याच घटनांहून जुना आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

मराठी आणि फिनिश यांतील ही सारी अर्थसाम्ये नात्याविषयी काहीही सांगत नाहीत. काळ जातो, पैसा जातो, माणूस जातो, हे पाहण्यासाठी दोन भाषांना एक पूर्वज असावा लागत नाही. बाह्यतः जवळचे वाटणारे ‘गेला’ आणि ‘मेन्न्युत’ हे परके आहेत, आणि एकमेकांची ओळख न पटणारे ‘मेग्य’ आणि ‘मन्नात’ हे सख्खे. भारताच्या संदर्भात हा भेद विसरल्याचे मोठे उदाहरण रॉबर्ट काल्डवेल याचे. १८५६ च्या आपल्या प्रसिद्ध द्राविडी व्याकरणात त्याने द्राविडी भाषांचे नाते फिनिश वगैरे भाषांच्या ज्या समूहाशी जोडले, त्याला तो ‘सिथियन’ म्हणत असे. प्रत्ययांची साखळी, विभक्तींची रचना यांतील साम्य त्याला पुरेसे वाटले. १९४० च्या दशकात टी. बरो यानेही शरीरावयवांच्या शब्दांवरून या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. दोघेही मोठे अभ्यासक होते. तथापि नियमबद्ध ध्वनिसंगतीची जी कसोटी, तीवर हे नाते टिकले नाही.

संस्कृताच्या कुळाशी उरालिकचा संबंध आला तो वेगळ्या वाटेने. शंभराला फिनिशमध्ये ‘सता’ आणि हंगेरियनमध्ये ‘साझ’ म्हणतात. हे ‘शत’च आहे, स्टेप प्रदेशातील इंडो-इराणी लोकांकडून उसने घेतलेले. मधाला हंगेरियनमध्ये ‘मेझ’ आणि फिनिशमध्ये ‘मेसी’. त्याही मागे इंडो-युरोपीय ‘मधु’ उभा आहे. फिनिश ‘वसरा’ म्हणजे हातोडा, आणि त्यात ‘वज्र’ ओळखता येतो. संख्या, मध, हत्यार या व्यापारात हातोहात जाणाऱ्या गोष्टी. ‘जाणे’ हे क्रियापद मात्र सहसा कोणी शेजाऱ्याकडून घेत नाही. गतीच्या धातूंपैकी एकाच्या बाबतीत मात्र प्रश्न उघडा आहे. नेणे, ओढणे या अर्थाचा *वेतॅ- हा उरालिक धातू फिनिशमध्ये ‘वेतॅ’ आणि हंगेरियनमध्ये ‘वेझेत’ असा आढळतो. त्याची तुलना इंडो-युरोपीय *वेध्- या ‘नेणे, विशेषतः वधूला घरी नेणे’ अशा अर्थाच्या धातूशी करतात, आणि आपला ‘वधू’ हा शब्दही काही विद्वान त्याच धातूकडे नेतात. उसनवारी, आदिम नाते की योगायोग, याचा निकाल लागलेला नाही.

या चर्चेत प्रत्यक्ष पणाला काय लागले होते, हे हंगेरीत दिसले. १७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी माक्सिमिलियान हेल आणि यानोश शायनोविच हे दोन जेझुइट खगोलशास्त्रज्ञ डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाच्या निमंत्रणावरून नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, वार्डो बेटावर गेले. ३ जूनला शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकला आणि त्याची नोंद झाली. परंतु शायनोविच हंगेरियन होता, आणि हेलच्या आग्रहावरून तेथील सामी लोकांची भाषा आपल्या भाषेशी ताडून पाहण्याचे काम त्याच्याकडे आले होते. भाषाशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. तरीही १७७० मध्ये कोपनहेगन येथे त्याने लॅटिनमध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे नावच मुळी हंगेरियन आणि लॅप लोकांची भाषा एकच आहे, असे सांगणारे होते. ‘एकच’ हा शब्द अतिशयोक्त आहे. मार्ग मात्र बरोबर होता. आणि कलकत्त्यास विल्यम जोन्सने संस्कृत-ग्रीक-लॅटिन यांविषयीचे आपले विख्यात विधान केले ते त्यानंतर सोळा वर्षांनी, १७८६ मध्ये, याची आठवण आमच्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिली जाते. १७९९ मध्ये शामुएल ग्यार्माथीने हेच काम अधिक पद्धतशीरपणे, व्याकरणाच्या आधारे केले.

हंगेरियन सरदारवर्गाला हे रुचले नाही. अटिला आणि हूण यांच्याशी आपले नाते सांगणाऱ्या समाजाला बर्फात मासे धरणारे आप्त नको होते. ‘माशाच्या वासाची सोयरीक’ अशी हेटाळणी सुरू झाली आणि ती दीर्घकाळ टिकली. नियतीचा विनोद असा की, या नात्याचा एक उत्तम पुरावा मासाच होता : फिनिश ‘कला’, हंगेरियन ‘हल’. शब्दारंभी जेथे फिनिश ‘क’ आणि पुढे ‘अ’-‘उ’सारखा स्वर, तेथे हंगेरियन ‘ह’ हा नियम ‘तीन’, ‘घर’, ‘ऐकणे’, ‘मरणे’ या शब्दांतही दिसतो.

१८७० आणि १८८० च्या दशकांत हा वाद पुन्हा पेटला. तुर्की नात्याच्या बाजूने आर्मिन वांबेरी उभा राहिला. दरवेशाच्या वेषात मध्य आशिया पालथा घातलेला, लोकप्रिय आणि वाक्पटू. दुसऱ्या बाजूला योझेफ बुदेन्त्स होता. जन्माने जर्मन, हंगेरियन भाषा शिकून तेथेच स्थायिक झालेला, कोशाच्या पानांत रमणारा. वांबेरीपाशी शब्द भरपूर होते, आणि ते खरेही होते. गहू, सफरचंद, बैल, वासरू यांची हंगेरियन नावे तुर्कीच आहेत. परंतु शेती आणि गुरे यांची नावे शेजाऱ्याकडून येतात. जगणे, मरणे, खाणे, पिणे, ऐकणे आणि जाणे यांचे हंगेरियन धातू तुर्कीशी जुळत नव्हते. ते फिनिश, मान्सी, खांती यांच्याशी जुळत होते. बुदेन्त्सच्या तौलनिक कोशाने, १८७३ ते १८८१ या काळात भाग निघत गेले तसतसा, विद्यापीठीय पातळीवर हा प्रश्न निकालात काढला. लोकांच्या मनांतून तो गेला असे मात्र म्हणता येत नाही. शब्द जाणणे आणि नाते मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा वादात ज्या मान्सी रूपांचा दाखला दिला जातो ती रूपे बुडापेस्टपर्यंत कशी आली, हा या विषयातील सर्वांत हृद्य भाग होय. आंतल रेगुली हा पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण १८४३ मध्ये उरल पर्वताकडे निघाला आणि पुढे मान्सी आणि खांती लोकांत हिंडला. त्याने त्यांची वीरगीते, अस्वलाच्या उत्सवातील गाणी, प्रार्थना यांचा प्रचंड संग्रह उतरवून घेतला. गाणी सांगणारे वृद्ध होते, भाषा पुरातन होती, आणि तो ऐकताऐकता लिहीत होता. परतला तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. घरी आल्यावर ती गाणी समजावून सांगण्याचे काम त्याच्या हातून पुरे झाले नाही. १८५८ मध्ये तो वारला, वय एकोणचाळीस. मागे राहिली ती हस्तलिखिते. त्यांतील अक्षरे वाचता येत होती, मजकूर मात्र पुष्कळ ठिकाणी लागत नव्हता. पाल हुनफाल्वीने १८६४ मध्ये त्यातून मान्सी भूमी आणि लोक यांविषयी एक ग्रंथ सिद्ध केला. पण गाण्यांचा मोठा भाग तसाच बंद राहिला.

अखेर १८८८ मध्ये बर्नात मुंकाची ती गाणी घेऊन ओबच्या उपनद्यांकडे गेला. चार दशकांपूर्वी तेथून उचलून नेलेले शब्द त्याने परत तेथल्याच लोकांपुढे वाचले आणि त्यांचा अर्थ विचारला. गाणी सांगणारी पिढी बहुधा गेलेली होती. पुढची पिढी अजून समजू शकत होती. त्या गाण्यांत देव आणि वीर अखंड जात असतात, नद्यांवरून, बर्फावरून. आणि प्रत्येक वेळी ‘मिन्-’ हा धातू येतो. ‘मी जातो’ याला मान्सीत ‘मिनेगुम’ म्हणतात. फिनिशमध्ये त्याचेच ‘मेनेन’ होते; त्यातील शेवटचा ‘न’ हा मूळ ‘म’ आहे, म्हणजे प्रत्ययही एकच. मुंकाचीचा मान्सी लोकवाङ्मयाचा संग्रह १८९२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. रेगुलीची खांती गाणी मात्र आणखी काही वर्षे थांबली. ती उलगडण्यासाठी योझेफ पापाय १८९८ मध्ये गेला. एक पिढी आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. ती हस्तलिखिते लिपी माहीत असलेल्या पण भाषा हरवलेल्या शिलालेखांसारखी उरली असती.

सामोयेद शाखेचा पुरावा ज्याच्यामुळे हाती आला तो मथियास अलेक्सांदेर कास्त्रेन याचेही आयुष्य असेच वाटेवर संपले. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन तो १८४५ ते १८४९ पर्यंत सैबेरियात हिंडला. १८५१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यापीठात फिनिश भाषेचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, अडतिसाव्या वर्षी, तो गेला. सामोयेद भाषांचे त्याचे व्याकरण आंतोन शीफ्नरने १८५४ मध्ये प्रसिद्ध केले. हा पुरावा नसता तर *मेने- हे रूप फिन्नो-उग्रिक पातळीपर्यंतच नेता आले असते. संपूर्ण उरालिक कुळाचा तो धातू आहे असे म्हणता आले नसते. त्या आदिभाषेचे मूळ स्थान कोणते, हा प्रश्न व्होल्गेपासून पूर्वेकडे सैबेरियापर्यंत फिरत राहिलेला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या एका अभ्यासाने याकुतियाकडे बोट दाखविले आहे. अस्थींतून माणसांची वाट कळते. ती माणसे चालताना कोणते क्रियापद उच्चारीत होती, ते अस्थी सांगत नाहीत.

हा धातू सर्वत्र टिकला असेही नाही. मॉर्डविन भाषांत, ज्या फिनिशच्या बऱ्याच जवळच्या समजल्या जातात, ‘जाणे’ यासाठी ‘मोलेम्स’ हे वेगळेच क्रियापद आहे. एस्टोनियनमध्ये अर्धे घर दुसऱ्याने व्यापले. ‘मिन्ना’ म्हणजे जाणे आणि ‘मिने’ म्हणजे जा. परंतु ‘मी जातो’ याला ‘लॅहेन’ आणि ‘मी गेलो’ याला ‘लॅक्सिन’ म्हणतात. ही रूपे निघणे, प्रस्थान करणे या अर्थाच्या निराळ्या धातूची आहेत. फिनिशमध्ये ‘लॅह्तेअ‍ॅ’ म्हणून तो धातू आपल्या मूळ अर्थानिशी स्वतंत्रपणे नांदतो. शेजारच्या भाषेत जे दोन सख्खे शेजारी, ते एस्टोनियनमध्ये एका क्रियापदात कोंडले गेले. मराठीच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. ‘जातो’ हा संस्कृत ‘या’ धातूचा वंशज आणि ‘गेला’ हा ‘गत’चा, प्राकृत ‘गअ’ला -ल प्रत्यय लागून झालेला. ‘येतो’ आणि ‘आला’ यांचेही तसेच. लहान मूल ‘जाला’ न म्हणता ‘गेला’ म्हणावयास शिकते तेव्हा दोन धातूंचा इतिहास ते नकळत पाठ करीत असते. अतिशय वापरात असणारी क्रियापदेच अशी विजोड रूपे सांभाळू शकतात; वापर कमी झाला की भाषा त्यांना सरळ करून टाकते.

सयान पर्वताच्या पायथ्याशी, येनिसेईच्या पूर्वेस, कामासियन नावाची एक सामोयेद भाषा होती. कास्त्रेनने १८४७ मध्ये तिचे नमुने टिपले. १९१२ आणि १९१४ मध्ये कै दोन्नर तेथे गेला तेव्हा ती बोलणारे थोडेच उरले होते. मुले तुर्की बोली आणि रशियन यांकडे वळलेली होती. दोन्नर १९३५ मध्ये वारला आणि त्याने जमविलेल्या सामग्रीचा कोश आउलिस योकीने १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. तो छापला गेला तेव्हा भाषा संपली, असेच विद्वानांनी धरले होते. त्या कोशात ‘चालणे, जाणे’ या अर्थी ‘मिन्-’ आहे.

१९६० च्या दशकात अबालाकोवो या खेड्यात क्लावदिया प्लोत्निकोवा ही वृद्ध स्त्री ती भाषा अजून जाणते, असे आढळून आले. तिचा जन्म १८९५ चा. बोलावयास दुसरे कोणी उरलेले नव्हते, आणि भाषा बऱ्याच अंशी रशियनच्या थराखाली दबलेली होती. एस्टोनियन भाषाशास्त्रज्ञ आगो क्युन्नाप यांनी तिच्याजवळ बसून ध्वनिमुद्रणे केली. बोलता बोलता विसरलेली रूपे परत येऊ लागली. १९७० मध्ये ताल्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिन्नो-उग्रिक परिषदेस तिला नेण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर कोशांतील रूपांवर काम केले होते अशा विद्वानांपुढे ती खेडवळ म्हातारी कामासियन बोलली. तेथे जमलेल्या हंगेरियन, फिनिश, एस्टोनियन अभ्यासकांच्या मातृभाषा तिच्या भाषेपासून हजारो वर्षांपूर्वी दूर झालेल्या होत्या, आणि तिचे वाक्य त्यांच्यापैकी कोणालाही पूर्वाभ्यासाशिवाय कळले नसते.

२० सप्टेंबर १९८९ रोजी क्लावदिया प्लोत्निकोवा निवर्तली. कामासियन ‘मिन्-’ आता कोणी सहजगत्या उच्चारीत नाही. रेदेई यांच्या कोशात नोंदीच्या आरंभीचे *मेने- तारकेसह छापलेले आहे. सामोयेद रूपे नोंदीच्या शेवटी येतात, आणि त्यांतील कामासियन रूपाच्या आरंभी तारका नाही.